गोल्डन दुरंताचं कुंपण, १६ महिन्यांनंतर: रोप स्वस्त, छाटणी महाग

गेल्या आठवड्यात माळ्याला आठव्या छाटणीचे ५०० रुपये दिले, तेव्हाच ठरवलं की आता हे लिहायचंच.

आमचं रो-हाऊस नेरूळला. रस्त्यावरून थेट हॉलमधलं दिसू नये म्हणून पुढे २२ फूट कुंपण हवं होतं. जून २०२४ मध्ये गोल्डन दुरंता, म्हणजे पिवळ्या पानांचं शोभेचं झुडूप, लावला. फुटाला दोन या हिशोबाने ४४ रोपं, २० रुपयांना एक, म्हणजे ८८० रुपये. नर्सरीवाला म्हणाला होता, "ताई, लावा आणि विसरून जा."

कसलं विसरता! यंदा जूनपासून आठ छाटण्या झाल्या. म्हणजे ४००० रुपये, रोपांच्या किमतीच्या साडेचारपट. पावसाळ्यात पंधरा दिवस हात लावला नाही की हातभर फोक सुटतात. वरून दाट आणि खाली नुसत्या काड्या, आणि मला आडोसा हवाय तो नेमका खालीच. रंग मात्र उन्हात पिवळाधमक. आंब्याच्या सावलीतली पाच रोपं साधी हिरवी झाली, तेवढं चालतं. सतत छाटत राहिल्याने फळं धरत नाहीत हेही बरंच, कारण ती विषारी असतात आणि घरात दोन वर्षांचा नातू आहे.

पहिल्याच जुलैमध्ये गेटजवळची ९ रोपं वाळली. नर्सरीत दोन फेऱ्या मारल्या. "तुम्ही पाणी जास्त घातलं." भर जुलैत कुंपणाला पाणी कोण घालतं? रोपंच रोगट दिली, असं मी तेव्हा धरून चालले होते. मग एक मेलेलं रोप उपटलं. मुळांना काळी पिशवी तशीच, फक्त एका बाजूने ब्लेडने चिरलेली. मुळं आतल्या आत गोल फिरून काळी पडलेली, कुजका वास, बोट लावलं की साल सुटून हातात. खड्ड्याखाली भरावाचा घट्ट मुरूम, त्यावर पाणी साचलेलं. म्हणजे दोष दुरंताचा नव्हता. लावायला माणूस नर्सरीचाच आला होता, तरी "रोपं वेगळी, लावणी वेगळी" म्हणून एकही बदलून मिळालं नाही. तुम्ही लावाल तेव्हा पिशवी पूर्ण काढलेली डोळ्यांनी बघा आणि खड्डा मुरुमाच्या खालपर्यंत फोडून घ्या.

त्या रिकाम्या जागेत शेजारच्या काकूंनी कोयनेल हे कुंपणाचं झुडूप लावायला लावलं. काकू श्रीवर्धनच्या. "अगं, विकत कशाला आणतेस? फांद्या मी देते. इतकं कडू, की शेळीसुद्धा तोंड लावत नाही." पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या, दोन पेरं मातीत. खर्च शून्य. खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला हे आपणहून वाढतं, त्यामुळे आमच्या पाणथळ कोपऱ्याचं त्याला काहीच वाटलं नाही. आज छातीइतकं आहे. दुरंताच्या आठ छाटण्यांत याला कात्री लागली चारदा. मोकळं सोडलं तर रस्त्याकडे झुकतं आणि कापताना वास उग्र येतो, पण पांढऱ्या फुलांतून लांब जांभळट केसर बाहेर आले की मी रोज थांबून बघते.

कुंपणासाठी कामिनीची रोपंही बघितली होती. वाढ सावकाश, छाटणी कमी, फुलांना सुवास. पण दाट व्हायला दोनेक वर्षं थांबावं लागेल म्हणून तेव्हा नको म्हटलं. तो हिशोब चुकला.

उरलेले ३५ दुरंते काढावेत का, हे ठरत नाही. पैसे देऊन लावलेलं हिरवं झाड उपटायला हात धजत नाही. ६५० रुपयांची मोठी कात्री आणली आणि रविवारी दोरी बांधून पहिले सहा फूट स्वतः छाटले, तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवून, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. माळी इतके दिवस नेमकं उलटं कापत होता. आज त्या सहा फुटांत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जुन्या काड्यांना पिवळे कोंब दिसले.