‘घरावर लीन टाकीन’ म्हणाला, आणि मी घाबरून पैसे दिले

फ्रीमाँटच्या आमच्या घरात वरची बाथरूम नवी करायला काढली. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आलेला, गोडबोल्या. 14,000 डॉलर ठरले. सामानासाठी म्हणून त्याने 5,000 आधीच मागितले, मी दिले. कॅलिफोर्नियात अशा कामाला आगाऊ फक्त 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांतलं जे कमी तेवढंच घेता येतं, हे मला कुठे ठाऊक!

टाइल्स बसल्या. पहिल्याच अंघोळीला पाणी जाळी सोडून दाराकडे निघालं. उतारच उलटा! मी उरलेले पैसे अडवले, तर मेसेज आला, ‘शुक्रवारपर्यंत 4,000 द्या, नाहीतर घरावर लीन टाकतो.’ सातबाऱ्यावर बोजा चढवतात ना, तसंच काहीसं, काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत नोंदवलेलं. आमचं रिफायनान्स, म्हणजे जुनं गृहकर्ज फेडायला नवं कर्ज घेणं, चालू होतं. पोटात गोळा आला आणि 2,000 देऊन टाकले. निव्वळ मूर्खपणा.

बायको म्हणाली, “अरे, त्याचं लायसन्स बघितलंस का?” कोटेशनवर नंबर होता. राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या, म्हणजे सीएसएलबीच्या साइटवर टाकला, तर तो भलत्याच गावच्या एका रंगकामवाल्याचा निघाला! दोन मिनिटं लागली.

मग वकील गाठला. 1,000 डॉलर आणि त्यावरच्या कामाला लायसन्स लागतंच (2024 पर्यंत ही मर्यादा 500 होती). ते नसेल तर त्याला बाकी वसूल करायला कोर्टात जाता येत नाही, लीनही टिकत नाही. उलट राज्याच्या व्यवसायविषयक कायद्याच्या कलम 7031 खाली आपणच त्याला दिलेली सगळी रक्कम परत मागू शकतो, काम उत्तम झालेलं असलं तरी. दावा मात्र काम संपल्यापासून किंवा बंद पडल्यापासून वर्षाच्या आत लावायचा.

पण काउंटीचा कारकून लायसन्स बघत नाही, कागद आणला की नोंदवतो. आमच्या गड्याने उरलेल्या पैशांसाठी खरंच नोंदवला. लीन नोंदवल्यावर 90 दिवसांत दावा लावला नाही तर ते निकामी होतं, तरी रेकॉर्डवरून आपोआप पुसलं जात नाही. मग 10 दिवसांची नोटीस द्या, कोर्टात अर्ज करा. वकिलाच्या पत्रानंतर त्याने ते मुकाट काढलं, पण तोवर आमचा लॉक केलेला व्याजदर हातचा गेला होता.

स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, 7,000 चा दावा लावलाय, तिथे 12,500 पर्यंत चालतं. तारीख पुढच्या महिन्यात. तोवर अंघोळीआधी दाराशी जुना टॉवेल टाकतो.