एस७-१२००ला वाइनटेकचा एचएमआय: जोडणी सोपी, डीबी सांभाळा

सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) एचएमआय, म्हणजे ऑपरेटरची टचस्क्रीन, म्हणून सीमेन्सचाच केटीपी७०० बेसिक लावायचा की वाइनटेक या तैवानी कंपनीचा एमटी८०७१आयई, हा प्रश्न पॅनल बनवणाऱ्यांना कोटेशन देताना हमखास पडतो. छोट्या, एकट्या मशीनला वाइनटेक खुशाल लावा. प्रोग्रॅममध्ये सारखे बदल होणार असतील, तर मात्र पुढचे वाचून ठरवा.

एमटी८०७१आयईची स्क्रीन ७ इंची, ८००×४८० पिक्सेल. इथरनेटबरोबर आरएस-२३२ आणि आरएस-४८५ पोर्ट मिळतात. त्यामुळे एकीकडे पीएलसी आणि दुसरीकडे मॉडबस या संवाद-पद्धतीवर एखादा ड्राइव्ह (मोटरची गती बदलणारे यंत्र) किंवा एनर्जी मीटर, असे दोन्ही एकाच एचएमआयवर चालते. खरा फायदा हाच. स्क्रीन बनवायचे वाइनटेकचे ईझीबिल्डर प्रो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातले ऑनलाइन सिम्युलेशन लॅपटॉपवरून थेट पीएलसीशी बोलते, पण १० मिनिटांनी बंद होते. टॅग (पीएलसीतल्या मूल्यांना दिलेली नावे) तपासायला तेवढा वेळ पुरतो.

पहिली अडचण जवळपास सगळ्यांना येते. पीएलसी १९२.१६८.०.१ या आयपीवर, एचएमआय १९२.१६८.०.२ वर, सबनेट मास्क सारखा, पोर्ट १०२, पिंगही जातो. तरी स्क्रीनवर ‘पीएलसी नो रिस्पॉन्स’. केबल बदलत बसू नका. फर्मवेअर ४.० पासून एस७-१२०० बाहेरच्या यंत्राला परवानगीशिवाय असे वाचू-लिहू देत नाही. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूच्या प्रॉपर्टीजमधून प्रोटेक्शन अँड सिक्युरिटी, त्यात कनेक्शन मेकॅनिझम्स उघडा आणि पुट/गेटला (बाहेरून पीएलसीत लिहिण्या-वाचण्याला) परवानगी देणारी टिक लावा. ॲक्सेस लेव्हल ‘फुल ॲक्सेस’ हवी. हा हार्डवेअर कॉन्फिगरेशनमधला बदल आहे, म्हणजे डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपला जाणार. चालू मशीनवर हे करू नका. शिवाय पुट/गेट पासवर्ड विचारत नाही. त्या नेटवर्कवरचा कोणीही डीबीत (पीएलसीच्या डेटा ब्लॉकमध्ये) लिहू शकतो. मशीनचे नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळेच ठेवा.

आता डीबी. ॲब्सोल्यूट ॲड्रेसिंगचा, म्हणजे टॅग डीबीतल्या जागेवरून ओळखणारा ड्रायव्हर घेतला, तर त्या डीबीची ‘ऑप्टिमाइझ्ड ब्लॉक ॲक्सेस’ ची टिक काढावी लागते, नाहीतर ऑफसेट (टॅगच्या जागेचे आकडे) दिसतच नाहीत. ती काढून डाउनलोड केले की डीबी नव्याने इनिशिअलाइज होतो आणि चालू सेटिंग्ज स्टार्ट व्हॅल्यूवर जातात. आधी चालू मूल्यांचा स्नॅपशॉट घ्या आणि तो स्टार्ट व्हॅल्यूमध्ये कॉपी करा.

सगळ्यात घातक चूक याच्यानंतर होते. समजा डीबीत ‘गती’ हा इंट (पूर्णांक) ०.० वर आणि ‘तापमान’ हा रिअल (दशांश संख्या) २.० वर आहे. कोणीतरी सगळ्यात वर ‘पंप_चालू’ नावाचा बूल (एका बिटाचा हो/नाही टॅग) घातला. गती सरकली २.० वर, तापमान ४.० वर, आणि एचएमआयला याचा पत्ताच नाही. तो जुन्याच जागा वाचतो. गतीच्या जागी ० किंवा २५६ दिसते, कारण बूलचा बाइट वर्डचा (दोन बाइटच्या जोडीचा) वरचा बाइट होतो. खरी गती १४५० असेल तर तापमान ०.० दिसते. इथवर निदान चूक डोळ्यांना दिसते तरी. पण ऑपरेटरने एचएमआयवरून गती १४५० टाकली, तर वरच्या बाइटमध्ये ५ जाते, म्हणजे बिट ० एक होतो आणि पंप सुरू होतो. म्हणून एचएमआयसाठी वेगळा डीबी ठेवा, नवा टॅग नेहमी शेवटी जोडा, आणि १० वर्ड ‘राखीव’ म्हणून आधीच सोडून द्या. एस७-१२००वर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लेखी द्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

दुसरा मार्ग सिम्बॉलिक ॲड्रेसिंगचा, म्हणजे टॅग नावाने ओळखण्याचा. टॅग टीआयए प्रोजेक्टमधून आयात होतात आणि डीबी ऑप्टिमाइझ्ड राहू शकतो. टॅगला ‘ॲक्सेसिबल फ्रॉम एचएमआय’ ची टिक मात्र हवी. डीबीची रचना बदलली की टॅग पुन्हा आयात करून एचएमआयवर पुन्हा डाउनलोड करायचे, हे विसरता कामा नये. हा ड्रायव्हर आपल्या मॉडेलला चालतो का, ते ऑर्डर देण्याआधी ईझीबिल्डरमध्ये मॉडेल निवडून यादीत पाहून घ्या. टीआयए व्ही१७ आणि फर्मवेअर ४.५ पासून फक्त सुरक्षित एचएमआय संवादाला परवानगी देणारी टिकही येते. ड्रायव्हरला तो संवाद जमत नसेल, तर तीही काढावी लागते.

केटीपी७००मध्ये ही भानगड नाही. पीएलसी आणि स्क्रीन एकाच प्रोजेक्टमध्ये असतात, टॅग सरकला तर कंपाइल करताना पत्ता आपोआप बदलतो. फक्त स्क्रीनही पुन्हा डाउनलोड करायची.

वायरिंगबाबत एकच सांगणे: एचएमआयला २४ व्होल्ट वेगळ्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) द्या. एस७-१२००च्या १२१४सी या सीपीयूचा सेन्सर सप्लाय ४०० मिलिॲम्पिअरचा आहे, तो सेन्सरसाठीच राहू द्या. पॅनलमध्ये ड्राइव्ह असेल तर शील्डेड इथरनेट केबल वापरा आणि ती मोटरच्या केबलपासून लांबून न्या.