गावाची फोन-यंत्रणा: आठ महिने, दोन केबली आणि ते नऊ सेकंद

गावाची सुरक्षा यंत्रणा काय असते ते थोडक्यात सांगतो. टोल फ्री नंबर लावायचा, निरोप बोलायचा, आपलाच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकदम वाजतो. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड पट्ट्यात ड्रोनच्या अफवा उठल्या, पोरं रात्र रात्र घराच्या धाब्यावर पहारा देत बसायला लागली, तेव्हा ग्रामसभेनं ठराव करून ती घेतली. घरटी पन्नास रुपये. माझा विरोध होता. पन्नास रुपयांत दोन शिट्ट्या येतात आणि त्यांना रेंज लागत नाही.

आज लिहायला बसलो कारण परवा रात्री घोड नदीवरच्या माझ्या पाण्याच्या मोटरची केबल चोरीला गेली. दोनशे फूट, नऊ हजारांची. हंगामातली दुसरी.

पहिली नोव्हेंबरात गेली. त्या आठवड्यात शेतीच्या थ्री फेज लाईटची रात्रपाळी होती, मी उसाला पाणी द्यायला दारं धरत होतो. पाणी एकदम तुटलं. लाईट गेली म्हणावं तर शेजारच्याची मोटर चालूच. काठाकडं बॅटरी मारली तर काहीतरी हललं. यंत्रणेला फोन लावला आणि बोंबललो, "केबल तोडली, पळा, पळा!" निरोप रद्द. का, तर नाव, गाव, ठिकाण सांगितलं नाही म्हणून. सकाळी उसाच्या सरीत हातभर काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक आणि नाकात बसणारा वास. तांबं काढून गडी पसार.

त्याच रात्री पोलिसांच्या 112 लाही लावला होता. तो फोन नवी मुंबई नाहीतर नागपूरला उचलतात, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, तिथून गाडीला. बाई शांतपणे म्हणाल्या, "जवळची खूण सांगा." रात्री दोनला नदीकाठी खूण काय सांगू, तिसरी बाभळ? गाडी पाऊण तासानं आली. ठाणं बावीस किलोमीटरवर, गाडी एक, हद्दीत गावं किती ते मोजायचंच नाही. हवालदार बिचारे चिखलात बूट भरवून खाली उतरले, त्यामुळे नीट भांडताही आलं नाही.

आता त्या नऊ सेकंदांचं. फोन उचलला की आधी रेकॉर्डवरची बाई बोलते: "नमस्कार, ही आपल्या गावाची सुरक्षा सूचना आहे, कृपया लक्षपूर्वक ऐका." मग आपला आवाज. घड्याळ लावून मोजलंय, नऊ सेकंद. नऊ सेकंदांत चोर बांध ओलांडतो. ग्रामपंचायतीत तीन वेळा बोललो, लेखी अर्ज दिला, पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. पाटलांचं मानधन 2024 मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, पण त्यांचा फोन रात्री सायलेंटच असतो, हा वेगळा विषय.

माझं मत फिरलं ते जानेवारीत. ओढ्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळ, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांजवळ, बिबट्या दिसला. आमचा तालुका जुन्नर वनविभागात येतो, बिबट्याचं नवल नाही. पण कोपीत लेकरं खालीच झोपलेली असतात. एका पोरानं पद्धतशीर निरोप दिला: नाव, गाव, ओढ्याचा पूल, बिबट्या. पाच मिनिटांत चार ट्रॅक्टरचे लाईट तिकडं वळले. कुणीतरी 1926 ला लावून वनखात्याला कळवलं. आमच्या आईनं तर झोपेतच फोन उचलला होता. म्हणाली, "ती बाई बोलत होती तोवर चष्मा सापडला, मग पुलाचं नाव नीट ऐकू आलं." तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या बाईशिवाय ठिकाणाचं नावच झोपेत गेलं असतं. तरी नऊ जास्तच आहेत. चार पुरे.

त्या रात्री एक मात्र खटकलं. ज्यांच्यापर्यंत बिबट्या आला होता त्या कोप्यांतला एकही फोन वाजला नाही. यादी घरपट्टीच्या रजिस्टरवरून केलेली. कोपीला कुठली घरपट्टी? सहा महिने आमच्या शिवारात राहणारी माणसं, आणि त्यांना उठवायला ट्रॅक्टर पाठवावा लागला. बाकी, साध्या बटणाच्या फोनवाले हमखास उचलतात. महागड्या फोनवाल्यांचा फोन अनोळखी नंबर स्पॅम ठरवून आपणच कापतो. ज्यानं पंचवीस हजार मोजले तोच सकाळी विचारतो, रात्री काय झालं?

परवाची गोष्ट. स्टार्टरच्या पेटीत मी निरोपाचा कागद चिकटवून ठेवलाय. तो बघून सावकाश बोललो. चाळीसेक माणसं नदीवर आली. चोर निसटले, पण जाळायला वेळ मिळाला नाही. केबल तीन तुकड्यांत उसात सापडली. जोड मारून सकाळी मोटर चालू झाली असती. पण पंचनामा झाला आणि केबल मुद्देमाल म्हणून ठाण्यात गेली. आता कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो असं लिहून देऊन, सोडवायची. वकिलाची फी आणि तीन हेलपाटे धरले तर नवी घेतलेली बरी. तोवर भावाची केबल मागून आणलीय, आणि तो रोज विचारतो.

पुढच्या वर्षीचे पन्नास भरले. पुढच्या हंगामाला ऊसतोडीची टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमाचे पन्नासही मीच भरलेत, पण ते घरी सांगितलेलं नाही.