प्रायापिझम: दुखणारा आणि न दुखणारा

इच्छा नसताना लिंगाचा ताठरपणा चार तासांहून जास्त टिकला, तर तो प्रायापिझम. त्याचे मुख्य प्रकार दोन. तातडीच्या उपचारांची घाई एकातच.

इस्केमिक प्रकारात रक्त आत अडकतं, त्यातला प्राणवायू संपतो. लिंग कडक, वेदना वाढती. सिकलसेलच्या (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांना हा धोका जास्त. हा आजार जिथे बराच आढळतो, त्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या मुलांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. डॉक्टर सुईने रक्त काढतात, रक्तवाहिन्या आकसवणारं फेनिलेफ्रिन हे औषध टोचतात; तरी उतरलं नाही तर शस्त्रक्रिया. लाजेपायी सकाळची वाट पाहिली, तर ताठरता कायमची जाऊ शकते.

नॉन-इस्केमिक बहुधा सायकलच्या दांड्यावर आपटण्यासारख्या माराने होतो: धमनी फाटून रक्त जास्त येतं. ताठरपणा अर्धवट, सहसा दुखत नाही. अनेकदा नुसतं लक्ष ठेवून भागतं. पण प्रकार लिंगातल्या रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरच ठरवणार. घरी ओळखायच्या फंदात पडू नका.