लांब ट्यूबच्या टोकावर आटे पाडायचे असतील, तर डॉग चक की स्टेडी?

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टिपिंग ट्रॉलीचे हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या छोट्या कारखानदारासमोर एक निर्णय कधी ना कधी येतोच. लांब पोकळ ट्यूबच्या टोकावर ग्लँड नटसाठी, म्हणजे रॉडभोवतीचे सील धरणाऱ्या टोपणासाठी, आटे पाडायचे असतात आणि ते बाहेरच्या अंगाशी नव्हे, तर आतल्या बोअरशी समकेंद्री हवे असतात. ही समकेंद्रता चुकली, तर रॉड एका बाजूला दाबला जातो, सील एकाच अंगाने झिजते आणि सिलिंडर तेल गाळू लागतो. अशा वेळी गिऱ्हाईक सीलला दोष देते, पण मूळ दोष लेथवर ट्यूब धरताना झालेला असतो.

हाच प्रश्न रायफलच्या नळ्या बसवणाऱ्या कारागिरांनी जगभर फार बारकाईने हाताळला आहे, कारण लांब दांड्यात आरपार पाडलेले भोक दांड्याच्या नेमक्या मध्यावर कधीच राहत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक घडवणे किंवा दुरुस्त करणे हा गुन्हा आहे, तेव्हा ते काम आपले नव्हे. मात्र जॉब धरण्याच्या त्यांच्या दोन्ही रीती आपल्या सिलिंडरला जशाच्या तशा लागू पडतात. पहिल्या रीतीत ट्यूब स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या, भोकातून आरपार घालून पुढे डॉग चकमध्ये, म्हणजे चारही जबडे स्वतंत्र सरकणाऱ्या चकमध्ये, आणि मागे चार बोल्टांच्या कड्यात धरतात, तर दुसऱ्या रीतीत एक टोक चकमध्ये धरून दुसऱ्या टोकाला स्टेडीचा, म्हणजे लेथच्या बेडवर बसवलेल्या तीन बोटांच्या चौकटीचा, आधार देतात. ट्रू चकचा, म्हणजे सगळे जबडे एकदम सरकणाऱ्या चकचा, विचार येथे करतच नाही. तो बाहेरचे अंग मध्यावर आणतो आणि बाहेरचे अंग हा येथे भरवशाचा आधार नव्हे. ट्यूबची भिंत एका बाजूला ७.७ मिलिमीटर आणि समोरच्या बाजूला ७.३ मिलिमीटर असली, तरी बोअरचा मध्य बाहेरच्या मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकलेला असतो. चक अगदी नवा असला, तरी ही चूक तो दुरुस्त करू शकत नाही.

डॉग चकच्या रीतीत सारे काही डायलवर, म्हणजे काट्याने सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या मापकावर, अवलंबून असते. लेव्हर डायलचे टोक थेट बोअरच्या आत टेकवून जॉब हाताने फिरवायचा. काटा एकूण ०.१० फिरला, तर बोअर ०.०५ मिलिमीटर बाजूला आहे असे समजायचे आणि समोरासमोरचे दोन जबडे तेवढेच सैल-घट्ट करायचे. पुढचे तोंड जुळले की मागे जाऊन कड्याच्या बोल्टांनी मागचे तोंड जुळवायचे. मागचे हलवले की पुढचे थोडे बिघडते, म्हणून पुन्हा पुढे यायचे. असे काही फेरे झाल्यावरच दोन्ही तोंडे एकदम स्थिर होतात. येथे एक काळजी अवश्य घ्यावी. जबड्यांनी ट्यूब लांबवर पकडली, तर मागचे टोक हलवताना ट्यूब कोनात वळत नाही, ती वाकते. डायल शून्य दाखवतो आणि जॉब सोडल्यावर ताण मोकळा होऊन मोजमाप बदलते. म्हणून जबड्यांखाली तांब्याच्या जाड तारेचा एकच वेढा द्यावा, म्हणजे पकड अरुंद राहते आणि ट्यूबला त्या वेढ्यावर मोकळेपणी कलता येते. मागच्या बोल्टांच्या टोकांना पितळ लावावे.

या रीतीचे मोठे बळ म्हणजे मजबुती. आटे पडतात ती जागा स्पिंडलच्या बेअरिंगपासून वीतभर अंतरावर असल्यामुळे टूल थरथरत नाही आणि आट्यांचे अंग स्वच्छ येते. मर्यादाही तितक्याच ठोस आहेत. लहान लेथच्या स्पिंडलचे भोक साधारण ४० ते ५० मिलिमीटरच्या घरात असते, तर भारी लेथवर ते ८० किंवा १०५ मिलिमीटर मिळते. ८० बोअरची, ९५ बाह्यव्यासाची ट्यूब आरपार घालायची, तर १०५ चेच भोक हवे. दुसरे असे की ट्यूब हेडस्टॉकपेक्षा, म्हणजे स्पिंडल ज्यात बसतो त्या खोक्यापेक्षा, आखूड असेल, तर तिचे मागचे टोक कड्यापर्यंत पोहोचतच नाही. उलट ती मागे फार बाहेर आली, तर वेगात फिरताना झोडपू लागते, आणि तो अपघात जीवघेणा ठरतो. याशिवाय पातळ भिंतीची ट्यूब चार जबड्यांत आवळली की तिचा गोल किंचित चौकोनाकडे झुकतो, म्हणून तेथे ही रीत टाळलेलीच बरी.

स्टेडीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे, तो म्हणजे स्टेडी लावली की जॉब मध्यावर येतो. स्टेडीची बोटे ज्या अंगावर टेकतात, त्या अंगाचा मध्य हाच फिरण्याचा मध्य होतो. ते अंग ट्यूबचे कच्चे बाह्यांग असेल, तर बोअर त्याच्याभोवती हेलकावतच राहणार. त्यामुळे स्टेडी वापरायची असेल, तर आधी ट्यूबच्या दोन्ही तोंडांना बोअरवरून नेमका चॅम्फर (तिरकी कड) घ्यावा, ती दोन सेंटरांमध्ये (टोकदार आधारांमध्ये) धरावी आणि स्टेडीच्या जागी ३०–४० मिलिमीटर रुंदीचा पट्टा हलका कट घेऊन टर्न करावा. हा पट्टा बोअरशी समकेंद्री झाला की निम्मे काम झाले. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळणाऱ्यांनी ही रीत वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर खालची दोन बोटे पट्ट्याला टेकवावीत, जॉबच्या माथ्यावर आणि बाजूला डायल लावून ठेवावा आणि काटा न हलवता तिसरे बोट मिटवावे. बोटे पितळी असतील तर तेल सतत हवे. रोलरची असतील तर चिप आत शिरून पट्ट्यावर ओरखडे उठणार नाहीत, याकडे लक्ष हवे. काम चालू असताना ट्यूब हळूहळू चकमधून पुढे सरकताना दिसली, तर स्टेडी स्पिंडलच्या रेषेत नाही, हे ओळखून मशीन तत्काळ थांबवावे.

दोन्ही रीतींतल्या चुका वेगवेगळ्या रूपात दिसतात आणि निर्णय घेणाऱ्याने हा फरक नीट समजून घ्यावा. डॉग चकमध्ये जुळवणी चुकली, तर आटे बोअरपासून बाजूला सरकतात आणि नट बसल्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. स्टेडीमध्ये पट्टा खरा असेल आणि स्टेडीची जागा चुकली, तर आटे बोअरभोवतीच राहतात, मात्र त्यांना टेपर (एकीकडे कमी होत जाणारा व्यास) येतो आणि फेस सपाट राहत नाही. टेपर मायक्रोमीटरने दोन ठिकाणी मोजला की लगेच सापडतो. सापडणारी चूक ही लपणाऱ्या चुकीपेक्षा कारखान्याला स्वस्त पडते, म्हणून पंचवीस-पन्नास ट्यूबचा लॉट असेल तेथे मी स्टेडीच्या बाजूने कौल देईन. एकदा पट्ट्याचे माप ठरले की प्रत्येक ट्यूबला नव्याने जुळवणी करावी लागत नाही, आणि फारसा अनुभव नसलेला टर्नरही ते काम धरून ठेवू शकतो.

गळीत हंगामात साखर कारखान्यातून किंवा ट्रॉलीवाल्याकडून एकच जॉब येतो आणि तो संध्याकाळपर्यंत परत हवा असतो, तेव्हा मात्र डॉग चकला पर्याय नाही. पट्टा टर्न करायला बाह्यांगात माल शिल्लक नसतो, चॅम्फर ठोकले गेलेले असतात आणि बोअर हा एकच खरा आधार उरतो. किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना उभा राहिल्यापासून या भागात लेथवर हात बसलेली माणसे आहेत, त्यामुळे डायलवर जुळवणी करणारा टर्नर शोधणे येथे अवघड जाऊ नये. त्याला घाई करायला लावू नये, एवढे मालकाने पाळावे.

जुना लेथ घ्यायचा असेल, तर स्पिंडलच्या बेअरिंगवरून ठरवावे. चकखाली लाकडी दांडका घालून स्पिंडल वर उचलून पाहावा आणि डायलचा काटा किती हलतो ते वाचावे. बेअरिंग सैल असतील, तर डॉग चकमध्ये कितीही जुळवणी केली तरी गोलाई स्पिंडलसारखीच येणार. अशा लेथवर कटजवळ लावलेली स्टेडी पट्ट्याच्या गोलाईवर चालते आणि काम बरेचसे वाचवते. बेअरिंग चांगली असतील आणि आपल्या नेहमीच्या ट्यूब ७५ मिलिमीटर बाह्यव्यासाच्या आत असतील, तर ८० च्या भोकाचा, आखूड हेडस्टॉकचा लेथ घ्यावा आणि मागचे कडे स्वतः बनवून बसवावे. ट्यूब त्याहून मोठ्या असतील, तर १०५ च्या भोकासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी लांब बेडचा लेथ आणि त्याच्याच मापाची मूळ स्टेडी सोबत मिळते का, हे पाहावे. दुसऱ्या लेथची स्टेडी पॅकिंग देऊन बसवलेली असेल, तर तो सौदा सोडून द्यावा.