नागपूरच्या कोर्सवर कोणत्या रंगाचा गोल्फ बॉल? पांढरा, पिवळा, नारिंगी की गुलाबी

गोल्फमध्ये जानेवारी २०१९ पासून हरवलेला बॉल शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडला नाही की एका स्ट्रोकचा, म्हणजे एका फटक्याचा दंड, आणि जिथून मारला तिथं परत जाऊन पुन्हा मारायचं. जुलैत गुडघ्याएवढ्या गवतात ज्यानं बॉल शोधला आहे, त्याला ही तीन मिनिटं कशी जातात ते माहीत आहे. त्यामुळे बॉलचा डबा घेताना रंगाचा विचार करायलाच हवा. दुकानात मात्र आपण कंपनी बघतो, किंमत बघतो आणि सवयीनं पांढरा उचलतो.

माझं मत आधीच सांगतो. नागपुरात वर्षभर एकाच रंगानं खेळू नये. इथली जमीन वर्षातून तीन-चार वेळा रंग बदलते आणि बॉल दिसतो तो मागच्या रंगाच्या जोरावर. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चकचकीत पिवळा, होळीच्या सुमारास पानगळ लागली की गुलाबी, तो थेट पाऊस येईपर्यंत. एकच डबा घ्यायचा असेल तर पिवळा.

रंगीत बॉल कमी जातो, असा समज अजून कानावर येतो. त्यात तथ्य नाही. बॉलचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, ही मर्यादा सगळ्या रंगांना एकच. अंतर आणि स्पिन (बॉलची फिरकी) ठरतात ते आतल्या गाभ्यावर आणि वरच्या आवरणावर. रंगीत बॉल म्हणजे नवशिक्यांचा, हाही असाच एक समज. १९८२ मध्ये अमेरिकेच्या वेन लेवीनं हवाईयन ओपन नारिंगी बॉलनं जिंकली, आणि त्याच वर्षी जेरी पेटनं प्लेयर्स चॅम्पियनशिपही नारिंगी बॉलनंच. २०१७ मध्ये बुब्बा वॉटसन व्हॉल्विक कंपनीचा गुलाबी बॉल घेऊन पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत उतरला. टायटलिस्ट कंपनीनं २०१९ मध्ये आपला वरच्या दर्जाचा प्रो व्ही १ पिवळ्यात आणला, तेव्हापासून प्रीमियम बॉल हवा तर पांढराच घ्या, ही अडचणही उरली नाही.

आता डोळ्याचं गणित. दिवसाउजेडी आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरवट पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. टेनिसनं १९७२ मध्ये पिवळा बॉल स्वीकारला तो रंगीत टीव्हीवर नीट दिसावा म्हणून, आणि विम्बल्डननंही १९८६ मध्ये तो घेतला. गोल्फ बॉलच्या झगझगीत पिवळ्या, नारिंगी आणि गुलाबी रंगांत आणखी एक गोष्ट असते. ही फ्लुरोसंट रंगद्रव्यं सूर्यप्रकाशातला अतिनील आणि निळा भाग शोषून तो आपल्या रंगात परत फेकतात. म्हणून हा बॉल साध्या रंगवलेल्या वस्तूपेक्षा जास्त उजळ दिसतो, जणू आतून पेटलाय. पण या उजळपणाला अतिनील किंवा निळा प्रकाश लागतो. रात्री एलईडी दिव्यांत, जिथं अतिनील जवळजवळ नसतोच, तिथं तो झगझगाट थोडा उतरतो.

पांढऱ्याचं बलस्थान वेगळं आहे. तो सगळाच प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे गर्द सावलीत, आंब्याच्या किंवा वडाच्या खाली, तो चांगला उठून दिसतो. नोव्हेंबरच्या निळ्याशार आकाशात उडालेला पांढरा बॉल शेवटपर्यंत दिसतो. तोच बॉल ऑगस्टच्या राखाडी ढगांत टी (पहिला फटका मारायची जागा) सोडल्याबरोबर गडप होतो आणि चौघंही एकमेकांना विचारत राहतात, कुठं गेला. अशा आभाळात पिवळा किंवा नारिंगी कुठं वळला एवढं तरी कळतं, आणि पडल्याची दिशा कळली की अर्धं काम झालं.

खरा निकाल जमिनीवर लागतो, आणि तिथं नागपूरचं वर्ष बघावं लागतं. जून संपता संपता गवत उठतं आणि ऑक्टोबरपर्यंत सगळं ओलं हिरवं असतं. या काळात पिवळा आणि गुलाबी दोन्ही चालतात. मी पिवळा घेतो, कारण ढगाळ उजेडात तो जास्त उजळ राहतो. बॉल गवतात खोल बसला असला तरी पात्यांच्या फटीतून पिवळा ठिपका चमकतो. पांढऱ्याच्या बाबतीत याच दिवसांत काळ्या मातीचा त्रास सुरू होतो. ओल्या काळ्या मातीत आपटलेल्या बॉलवर लेप बसतो, मग पांढरा असो की पिवळा, दिसणारा भाग अर्धाच उरतो. पण उरलेला अर्धा पिवळा ओळखू येतो, आणि उरलेला अर्धा पांढरा हा ओला दगडही असू शकतो.

हिवाळ्यात सकाळी दव असतं. सातच्या सुमाराला ऊन तिरपं येतं आणि सगळा फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) पांढुरका चमकायला लागतो. त्या चमकेत पांढरा बॉल शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. दव उडालं की मात्र डिसेंबर-जानेवारीत पांढरा, पिवळा, काहीही चालतं. हे महिने कोणत्याही रंगाला सोपे.

फेब्रुवारीपासून गोष्ट बदलते. कडुलिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात. दुपारच्या राउंडला झाडाखाली बघाल तर जमिनीवर पिवळ्या पानांचा थर असतो, आणि त्यातलं एखादं वळलेलं पान उन्हात बॉलसारखंच लकाकतं. एका कॅडीनं (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनीसानं) मला पिवळा बॉल काढताना बघून सांगितलं होतं, "भाऊ, आता पिवळा नका काढू जी, लिंबाखाली गेला की सापडायचा नाही." हे त्याच्या रोजच्या अनुभवातून आलेलं होतं. हरवलेले बॉल तो दिवसभर गोळा करतो, कोणता रंग कधी हातात येतो हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

याच दिवसांत पळस फुलतो. पळसाच्या पाकळ्या जमिनीवर पडल्या की केशरी-नारिंगी सडा होतो आणि नारिंगी बॉलचा फायदा जातो. नारिंगीचं दुसरं दुखणं मुरूम. जिथं गवत विरळ होऊन तांबूस-पिवळा मुरूम उघडा पडतो, तिथं नारिंगी बॉल लांबून खड्यासारखा दिसतो. सागाच्या वाळक्या पानांतही तो पिवळ्यापेक्षा बरा पण गुलाबीपेक्षा मागे. संत्र्याच्या गावात नारिंगी बॉलनं खेळावं असं मनात येतं खरं, पण मी त्याला इथं तिसरा नंबर देतो.

एप्रिल-मे म्हणजे वाळलेलं गवत, पेंढ्याच्या रंगाचं. ऊन इतकं प्रखर की फिकट पिवळ्या गवतावर पांढरा आणि पिवळा दोन्ही विरघळतात. लांबून प्रत्येक वाळका झुपका, प्रत्येक पांढरा खडा बॉल वाटतो. शिवाय जमीन टणक असते, त्यामुळे बॉल पडल्यावर बराच घरंगळतो आणि डोळ्यांनी धरलेल्या जागेपासून कुठल्या कुठं जातो. बहावा फुलला की झाडाखाली पिवळ्या पाकळ्या, गुलमोहराखाली लाल. या सगळ्यात जमिनीवर नसलेला एकच रंग उरतो, झगझगीत गुलाबी. अपवाद बोगनवेलीचा. कुंपणाला गुलाबी-जांभळी बोगनवेल असेल तर तिच्या खाली पडलेल्या वाळक्या पाकळ्यांत गुलाबी बॉल लपतो. पण ते कुंपणापुरतं. बाकी कोर्सवर उन्हाळ्यात गुलाबीला तोड नाही.

लाल, गडद हिरवा, निळा हे रंग मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या फिनिशमध्ये दुकानात फार देखणे दिसतात. घेऊ नका. हिरवा तर कळतंच. लालाचं कारण थोडं वेगळं आहे: उजेड कमी झाला की डोळ्याची संवेदना निळसर-हिरव्याकडे सरकते आणि लाल सगळ्यात आधी काळा पडतो. दिवस-रात्र कसोटीत लाल चेंडूऐवजी गुलाबी आला तोही दिव्यांच्या उजेडात लाल चेंडू नीट दिसत नाही म्हणूनच. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. ऑफिसातून सुटून नऊ होल खेळायला येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शेवटच्या दोन होलला गुलाबी आणि नारिंगी मंदावतात, पिवळा तेव्हाही दिसत असतो. तेव्हा उन्हाळ्यासाठी गुलाबी घेतला असला तरी हिवाळ्यातल्या संध्याकाळी बॅगेतून पिवळाच काढायचा.

मॅट की चकचकीत, हा प्रश्न आता प्रत्येक दुकानात येतो. व्हॉल्विकच्या व्हिव्हिडनं ही मॅटची लाट आणली. मग कॅलवेच्या सुपरसॉफ्टपासून टायटलिस्टच्या व्हेलॉसिटीपर्यंत अनेकांनी मॅट रंग काढले. मॅट बॉलवर उन्हाची तिरीप चमकत नाही, पूर्ण गोळा एकसारखा रंगीत दिसतो, आणि भर दुपारी याचा खरोखर उपयोग होतो. चकचकीत बॉलवर उन्हात एक पांढरा ठिपका उठतो आणि तेवढा भाग पांढऱ्या बॉलसारखाच दिसतो. पण मॅटचा पृष्ठभाग डाग धरून ठेवतो. काळ्या मातीचा डाग ओल्या टॉवेलनं पुसला तरी मॅटवर सावली राहते, चकचकीत बॉल एकदा पुसला की साफ होतो. म्हणून गुलाबी मॅटमध्ये आणि पिवळा चकचकीत, अशी माझी जोडी आहे. उन्हाळ्यात चिखल नसतोच, त्यामुळे मॅटची अडचणही तेव्हा येत नाही.

दोन रंगांचे बॉलही आहेत. स्रिक्सनचा डिव्हाइड अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या; कॅलवेच्या ट्रूव्हिसवर फुटबॉलसारखी नक्षी. हवेत फिरताना आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) घरंगळताना यांचा फिरकाव डोळ्याला दिसतो, पटिंगचा (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांचा) सराव करणाऱ्याला त्याचा फायदा आहे. गवतात शोधण्यासाठी मात्र एकरंगी बॉल जास्त बरा वाटतो, कारण वर नेमकी कोणती बाजू येईल ते आपल्या हातात नसतं.

डोळे कसे आहेत, हेही बघा. लाल-हिरवा रंगदोष पुरुषांत बायकांपेक्षा बराच जास्त असतो, आणि अनेकांना तो असल्याचं वर्षानुवर्षं कळतच नाही. अशा डोळ्यांना हिरव्या गवतातला नारिंगी, लाल किंवा कधी गुलाबीही इतरांसारखा उठून दिसत नाही. "एवढा झगझगीत बॉल, सगळ्यांना दिसतो, मलाच कसा दिसत नाही" असं कोणाच्या मनात येत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे एकदा तपासून घ्यावं आणि तोवर पिवळा किंवा पांढरा खेळावा. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि निळा उजेड आत कमी जातो. म्हणून साठीच्या पुढच्यांना निळा बॉल अंधारा वाटतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच. वडीलधाऱ्यांसाठी भेट म्हणून डबा घेत असाल तर चकचकीत पिवळा घ्या.

चष्म्याचा विचार कोणी करत नाही. तपकिरी किंवा अंबर काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे पांढरा पिवळसर दिसतो आणि पांढऱ्या-पिवळ्यातला फरक कमी होतो. बॉल शोधण्यासाठी म्हणून निळ्या काचेचे चष्मे मिळतात, ते पांढऱ्या बॉलसाठीच. पिवळा किंवा नारिंगी बॉल त्या काचेतून काळपट दिसतो.

नियमांच्या बाजूनं फार काही नाही. प्रत्येक होल सुरू करताना बॉल बदलता येतो, म्हणजे सकाळी दवात पिवळा आणि नंतर पांढरा असं करायला हरकत नाही. स्पर्धेत एकाच मॉडेलचा बॉल वापरण्याचा स्थानिक नियम लावला असेल तर तेवढं आधी विचारून घ्यावं. रंगाचा आणखी एक फायदा इथं आहे. चौघंही एकाच कंपनीचा पांढरा खेळत असले की दुसऱ्याचा बॉल मारला जातो, आणि स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) त्याला दोन स्ट्रोकचा दंड आहे. रंगीत असला तरी मार्करनं खूण करायचीच. गडद मॅटवर काळी शाई दिसत नाही, पिवळ्यावर आणि गुलाबीवर ठसठशीत दिसते.

पैशाचं म्हणाल तर एकाच मॉडेलमध्ये पांढरा आणि पिवळा साधारण एकाच भावात मिळतात, गुलाबी आणि नारिंगी मुख्यतः दोन थरांच्या स्वस्त मॉडेलांत. ज्यांना युरेथेनच्या (मऊ प्लास्टिकच्या) आवरणाचा, ग्रीनवर थांबणारा बॉल हवा, त्यांच्यासाठी गुलाबीत निवड कमी आहे. त्यांनी उन्हाळ्यातही पिवळा ठेवला आणि पुढं एक कॅडी उभा केला तर चालून जाईल. कोर्सवर मिळणारे जुने रंगीत बॉल घेताना ते नव्या बॉलशेजारी धरून बघा. फ्लुरोसंट रंग उन्हात पडून फिका होतो, आणि फिका गुलाबी हा वाळक्या गवतात पांढऱ्याइतकाच निरुपयोगी. त्याच कारणानं नवा डबाही गाडीच्या मागच्या काचेपाशी उन्हात ठेवू नये.

डबा घेण्याआधी तीन-तीन बॉलच्या स्लीव्ह घ्या. तुम्ही ज्या वेळी खेळता त्याच वेळी, रोजच्या चष्म्यासकट, तुमच्या कोर्सच्या रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) पांढरा, पिवळा, नारिंगी आणि गुलाबी असे चार बॉल कोणाला तरी टाकायला सांगा, आणि पन्नास पावलांवरून चालत या. जो सगळ्यात आधी दिसेल त्याचा डबा घ्या, आणि पानगळ सुरू झाली की हीच परीक्षा पुन्हा एकदा करा.