एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचं किट: एक पावसाळा काढल्यावर

जॉइंट (एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा वळता सांधा) चांगला, बूट (त्यावरचं रबरी आवरण) बरा, ग्रीस पुरेसं आणि क्लिपा (बूट आवळून धरणाऱ्या पट्ट्या) भिकार. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण या किटपर्यंत पोचायला मला नको तेवढा खर्च सांगितला गेला होता आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

गाडी छोटी, पेट्रोल, लाखाच्या वर चाललेली. कुठली ते महत्त्वाचं नाही, पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या कुठल्याही गाडीत हे होतं. गुहागर तालुक्यात राहतो. रत्नागिरीला जायचं तर चिपळूणला वळसा घालण्यापेक्षा तवसाळहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, जयगडला उतरतो. फेरीवरची मुलं गाड्या अगदी दाटीवाटीने लावून घेतात. ‘काप, काप, अजून काप’ असं ओरडत स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवायला लावतात. तिथेच उजव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट ऐकू यायला लागलं. सरळ रस्त्यावर काही नाही. खालचा लोखंडी पत्रा आवाज असा घुमवतो की शेजारच्या रिक्षावाल्यानेही वळून बघितलं.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. ॲडव्हायझरने गाडीत बसून कंपाउंडबाहेर सरळ एक चक्कर मारली आणि म्हणाला, “सर, सस्पेन्शनचा आवाज आहे. दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट बदलून घ्या.” एस्टिमेट वाचूनच गाडी विकावी असं वाटलं. स्टिअरिंग पूर्ण कापून गोल फिरवून बघा असं म्हटलं, तर उत्तर मिळालं की ट्रायल झालेली आहे. जो आवाज फक्त वळताना येतो त्याची ट्रायल सरळ रस्त्यावर! शेवटी लिंक रॉड तेवढे बदलून दिले, कारण ते खरंच ढिले होते. खड्ड्यावरची खडखड गेली. कट-कट जिथल्या तिथे. पुन्हा गेलो तेव्हा ‘गाडी जुनी आहे, एवढा आवाज नॉर्मल’ हे ऐकून बाहेर पडलो.

शृंगारतळीला ओळखीचे एक मेस्त्री आहेत. आमच्या भागातली मेस्त्री मंडळी ॲम्बेसेडर-पद्मिनीवर शिकलेली, त्यांना ताकद मागच्या चाकांना. पुढचा एक्सल घरोघरी पोचला तो १९८३ साली मारुती ८०० आल्यावर. त्यामुळे या वयाच्या मेस्त्रींनी हे जॉइंट अक्षरशः शेकड्यांनी उघडलेले असतात. त्यांनी आवाज ऐकायच्या आधी स्टिअरिंग एका बाजूला कापून चाकामागे टॉर्च मारली. “आधी बूट बघू, मग बोलू.” रबरी बूट वळकटीतच फाटलेला. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं आणि त्यावर लाल मातीचा जाड थर. निदान तिथेच झालं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर घेतली होती, हे विशेष.

आत काय होतं ते थोडक्यात. बाहेरच्या जॉइंटमध्ये ६ छर्रे असतात, ते आतल्या आणि बाहेरच्या वाटीच्या खाचांमधून सरकतात. १९५९ च्या मूळ ब्रिटिश मिनी गाडीतही मुळात हीच रचना होती. चाक सरळ असताना छर्रे जवळजवळ जागच्या जागी. चाक वळलं की प्रत्येक फेऱ्यात ते खाचेत मागे-पुढे होतात, आणि खाच खरवडलेली असेल तर कट-कट. म्हणून आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या नाही. बूट शाबूत असेल तर जॉइंट वर्षानुवर्षं चालतो. फाटला की ग्रीस बाहेर आणि जांभ्याची धूळ आत. ग्रीस आणि बारीक जांभा म्हणजे पॉलिश पेपरच. वर जेटीच्या उतारावरचं खारं पाणी.

ज्यांच्या गाडीच्या पुढून ‘काहीतरी वाजतं’, त्यांनी पैसे मोजायच्या आधी एवढं करावं. मोकळ्या मैदानात काच खाली करून स्टिअरिंग पूर्ण कापा आणि हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जवळ चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) असेल तर उत्तम, आवाज परत येतो. सलग कट-कट आली तर बाहेरचा जॉइंट. साधारणपणे वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक जास्त बोलतं, पण त्यावर विसंबू नका, दोन्ही बूट डोळ्यांनी बघा. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवून टक् किंवा स्प्रिंग उडाल्यासारखा टणत्कार झाला तर वरचं स्ट्रट माउंट. छोट्या खड्ड्यावर खडखड असेल तर लिंक रॉड किंवा बुश. मोठा ठक् आला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, आणि तो मात्र अंगावर काढू नका, निसटला तर चाक आडवं होतं. ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी थरथरली तर आतला, म्हणजे एक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचा जॉइंट बघा. आणि हे सगळं करायच्या आधी टायरच्या नक्षीत अडकलेली खडी काढा, व्हील कॅप काढून ठेवा, चाकाचे नट तपासा. फुकटचं काम आहे.

आता किट. पर्याय तीन होते: कंपनीचा पूर्ण एक्सल, बाजारातला पूर्ण एक्सल, किंवा फक्त बाहेरचा जॉइंट, बूट, ग्रीस, क्लिपा आणि नवा नट असं किट. मी किट घेतलं, मजुरी धरूनही खर्च एस्टिमेटच्या पाव भागात बसला. मेस्त्रींनी जुना जॉइंट ठोकून काढला, शाफ्ट पुसून नवी सर्क्लिप (जॉइंट अडकवून ठेवणारी कडी) घातली आणि पाकिटातलं काळं मॉली ग्रीस सगळंच्या सगळं भरलं. पिवळं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, कोणी भरत असेल तर थांबवा. हबचा नट नवाच हवा आणि तो टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा. मेस्त्रींकडे रेंच आहे, हे बघूनच मी तिथे जातो.

आवाज त्याच दिवशी गेला. फेरीवर स्टिअरिंग टोकापर्यंत कापलं आणि फक्त समुद्र ऐकू आला. इतका खूश होतो की तेव्हाच लिहायला बसलो असतो तर सरसकट पाच तारे दिले असते.

मग गणपतीच्या सुमारास, मुंबईकर आल्यावर गाडीला रोजच्या खेपा सुरू झाल्या आणि रिमवर पुन्हा ग्रीसचे शिंतोडे दिसले. किटला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, दुकानदाराला थोड्या प्रत्यक्ष. पण चाक काढलं तर बूट ठणठणीत. गेली होती ती क्लिप. साध्या लोखंडाची पट्टी, एवढ्या दिवसांत गंजून ढिली पडलेली, आणि बूटचं मोठं तोंड कडेला सरकलेलं. किनाऱ्यावर विकायच्या किटमध्ये अशी पट्टी घालणाऱ्याला एक जून-जुलै आमच्याकडे आणून ठेवलं पाहिजे. जॉइंट इतका घोटीव बनवायचा, बूट नीट बनवायचा, आणि ज्याच्यावर दोन्ही टिकून आहेत तिथे दहा-वीस रुपये वाचवायचे! हा हिशेब मला अजून कळलेला नाही. माती आत गेली नव्हती, त्यामुळे जॉइंट वाचला. ग्रीस पुसून नवं भरलं आणि स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा लावल्या. त्या चिपळूणला सुट्या मिळाल्या. त्यानंतर रिम आतून कोरडा आहे. म्हणून जॉइंटबद्दलचं मत पुन्हा वर नेतो: चार तारे. पाचवा क्लिपांनी खाल्ला.

मध्ये रिव्हर्सवरून पुढे जाताना एकच ‘टक्’ यायला लागला, तेव्हा पोटात गोळा आला. तो ब्रेक पॅडचा निघाला, पॅड धरून ठेवणारी पत्र्याची स्प्रिंग गंजून सैल झाली होती. किटचा संबंध नाही.

सर्व्हिस सेंटरचा फीडबॅकसाठी फोन आला होता, दहापैकी किती देणार म्हणून. लिंक रॉडचे दोन दिले.

डावीकडचा बूट अजून मूळचा आहे आणि वळकटीत बारीक तडे दिसायला लागलेत. आवाज नाही, म्हणजे जॉइंट चांगला आहे, नुसत्या बूटवर भागेल. मिरगाच्या आधी बदलून घेणार. बूटचं पाकीट आणून डिकीत ठेवलंय, त्यातल्या क्लिपा आधीच काढून फेकल्यात.